पंधरा अक्षरांचं नाव आणि एकशे चौदा लाल दिवे

सोलो, जावा
शनिवार, सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप विद्याधरदादा यांस,

नरहरचा सप्तांग नमस्कार. घालायचा साष्टांगच होता, पण परवाच्या गुरुवारपासून गुडघे रजेवर आहेत, तेव्हा उरलेल्या सात अंगांवर भागवून घ्यावं. (दोन्ही गुडघे मिळून शास्त्राने एकच अंग धरलं आहे हे बरं, नाहीतर सहावरच आलो असतो. गुडघ्यांना काय झालं ते पुढे येईल. त्यात एका जिराफाचा संबंध आहे. वहिनींनी घाबरू नये, जिराफ कागदी होता.) तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाल्याचं कळलं. आनंद झाला, आणि थोडी धास्तीही वाटली, कारण आता माझ्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ तुम्हाला पुन्हा दिसू लागतील. वहिनींची कंबर कशी आहे? तुमची भावजय रेत्नो त्यांना नमस्कार सांगते आणि तिळाच्या चटणीची आठवणही करते. ही आठवण आहे, मागणी नव्हे. मागणी वेगळीच आहे, पण ती इतक्या लवकर सांगण्यासारखी नाही.

गेली कित्येक वर्षं तुम्ही प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न विचारता, 'तू तिथे दिवसभर नेमकं करतोस काय?' आणि मी प्रत्येक वेळी हवापाण्याकडे वळतो. आज उत्तर देणं भाग आहे, कारण या आठवड्यात जे काही झालं त्यात तुमचाही हात आहे. तुम्ही मिरजेत बसून केलंत, मी इथे भोगलं.

तेवीस वर्षांपूर्वी मी ताडपत्रं वाचायला इथे आलो हे तुम्हाला माहीत आहेच. ताडपत्रं संपली नाहीत, ती वाचवून घेणाऱ्यांचा उत्साह संपला. मग इथल्या एका छोट्या कंपनीच्या मालकाने मला ठेवून घेतलं, तेव्हापासून मी 'पाक नारा', म्हणजे नाराकाका. त्याचं म्हणणं, ज्या माणसाला ताडपत्रावरचा गळलेला अनुस्वार दिसतो त्याला आमच्या चुकाही दिसतील. दिसल्या. त्याबद्दल तिथे मला अजून कुणी पूर्ण क्षमा केलेली नाही. आम्ही वस्तीवस्तीतल्या पोस्यांदूसाठी, म्हणजे महिन्यातून एकदा लहान पोरांना तोलून, मोजून, टोचून घरी पाठवतात त्या मेळाव्यासाठी, सुईणबाईंच्या हातातला प्रोग्राम बनवतो. सुईणबाई काचेच्या पाटीवर बोट ठेवतात. त्यांचा प्रोग्राम दूरच्या दुसऱ्या प्रोग्रामला विचारतो, बाबा रे, पुढचं बाळ कोणतं? तो उत्तराचं एक गाठोडं पाठवतो: नाव अमुक, जन्म अमुक दिवशी, वजन इतकं, लशी या झाल्या आणि ही राहिली. ज्या खिडकीतून ही विचारपूस चालते तिला आमच्या धंद्यात एपीआय म्हणतात. गाठोडं नीट बांधलेलं आलं की नाही हे पाहणारे छोटे छोटे परीक्षक लिहून ठेवणं हे माझं काम. प्रत्येक परीक्षकाला आधीच बजावून ठेवायचं की उत्तर असं असं आलं पाहिजे. आलं तर हिरवा दिवा, नाही आलं तर लाल. थोडक्यात, तुम्ही शाळेत पोरं तपासलीत, मी तपासनीस तपासतो.

आता ज्याने अण्णांच्या पाठशाळेत एका स्वरासाठी छडी खाल्ली तो माणूस परीक्षक कसे लिहिणार? मी ते घनपाठ म्हणणाऱ्या वैदिकासारखे लिहिले. उत्तरातलं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं आलं पाहिजे. इकडचा स्वल्पविराम तिकडे गेला तर लाल. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की प्रत्येक गाठोड्यावर ते किती वाजता बांधलं त्याची वेळ असते, आणि मी अपेक्षेत नऊ वाजून दहा मिनिटं लिहून बसलो आहे. म्हणजे माझा परीक्षक विश्वाच्या इतिहासात एकदाच, एका मंगळवारी सकाळी, मिनिटभर खरा होता. पुढे लशींची यादी एके दिवशी क्षयाची आधी आणि पोलिओची मागून अशी यायची, दुसऱ्या दिवशी उलटी. बाळाला दोन्ही दिलेल्या होत्या, दिवा मात्र लाल. मग कुणीतरी गाठोड्यात डोक्याच्या घेराचा आकडा वाढवला. कुणाचं काही बिघडलं नाही, पण माझ्या एक्केचाळीस परीक्षकांनी एका सुरात गळा काढला. आमच्या तुकडीची प्रमुख म्बाक आजेंग (म्बाक म्हणजे ताई; वय एकतीस, सातवा महिना लागलेला, जिभेला रजा नाही) खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "पाक नारा, बाळाने शिंक दिली तरी तुमचे परीक्षक बोंबलतात. अशाने खरंच आग लागेल तेव्हा कोण उठणार?" मी म्हटलं, अचूकता म्हणजे अचूकता. ती म्हणाली, "हो, पण बाळं वाढतात, पाक. तुमचं ताडपत्र वाढत नव्हतं." ऑफिस हसलं. इथे हसतात हळूच, त्यामुळे ते जास्त वेळ चालतं.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे तुमच्याकडे. परीक्षकांना सराव म्हणून एखादं बाळ लागतं. आमच्या ऑफिसात रीत अशी की बाळ घरातलंच घ्यायचं. परक्याच्या पोरावर प्रयोग कशाला? आमच्यातल्या मास विग्न्योला (मास म्हणजे दादा; विग्न्यो हे 'विज्ञ'चं इथलं रूप, 'विघ्न'चं नव्हे, जरी सोमवार ते गुरुवार मलाही शंका होती) गेल्या वर्षी मुलगा झाला. माझ्याकडे आला, खाली बघत म्हणाला, "पाक, तुमच्या भाषेतलं एखादं छान जुनं नाव द्याल?" इथे संस्कृत नावांचं कौतुक आहे आणि मला नाही म्हणायची सवय नाही. मी तुम्हाला लिहिलं. तुम्ही काय पाठवलंत? सूर्यप्रभामंडल धीरोदात्त विचक्षण! पंधरा अक्षरं, दादा. साडेतीन किलोच्या पोरावर. नाव ऐकून विग्न्यो भारावला, आजेंगने विचारलं, "यातलं हाक मारायचं कुठलं?" आणि मी म्हटलं, एवढं लांब नाव सरावाला उत्तमच, चौकटीत मावतं की नाही तेही कळेल. असं ते बाळ माझ्या एकशे चौदा परीक्षकांत जाऊन बसलं. एकशे चौदा ठिकाणी पंधरा पंधरा अक्षरं. (गुणाकार करू नये. मी केला आहे.)

बाळाला आठव्या महिन्यात ताप येऊ लागला. उतरायचा, पुन्हा यायचा. वजन काटा हलवेना. डॉक्टर झाले, औषधं झाली. मग विग्न्योची आई, म्बाह (म्हणजे आजी) कासिनेम, नातवाला मांडीवर घेऊन म्हणाली, "याला नाव जड झालंय." इथे हे निदान आहे, दादा, आणि त्याला औषधही ठरलेलं आहे. गुळाची तांबडी आणि बिनगुळाची पांढरी अशी तांदळाची लापशी शिजवायची, शेजारपाजाऱ्यांना वाढायची आणि पोराला हलकंसं नाव द्यायचं. लापशी मीही खाल्ली. म्बाहने माझ्या पानात दोनदा वाढली आणि काहीही बोलली नाही. या गावात कुणी काही बोललं नाही तर समजावं की सगळं बोलून झालं आहे. नवं नाव ठेवलं बेजो. अर्थ नशीबवान. अक्षरं दोन. ताप उतरला.

औषधोपचाराने उतरला की नावाने, यावर मी मत देत नाही. मी या प्रकरणात आरोपी आहे. पण जुनं नाव कुठे राहिलं तर ताप वाट शोधत परत येतो, असं म्बाहने बजावलं. मग विग्न्यो त्या नावाच्या मागे लागला. त्याने ते घरच्या कागदावरून काढलं, पाळण्यावरून खरवडलं, मशिदीतल्या यादीतून खोडून घेतलं. आणि सोमवारी ऑफिसात येऊन, कुणाला एका शब्दाने न सांगता, आमच्या सरावाच्या सर्व्हरवरूनही काढलं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात सरावाच्या सर्व्हरवरच्या बाळाला ताप येईल असं कुणाच्या मनात आलं नसतं. मंगळवारी सकाळी मी यंत्र सुरू केलं, आणि एकशे चौदा दिवे लाल. दिवाळीच म्हणा, फक्त एकाच रंगाची.

आजेंग पोटावर हात ठेवून पडद्यासमोर उभी राहिली. "सरावाचा डेटा कुणी बदलला?"

"मी, म्बाक," विग्न्यो म्हणाला.

"का?"

"पोराला ताप होता."

 सगळं ऑफिस कामं सोडून विचारू लागलं, आता कसा आहे, दूध पितो का, झोप लागते का. लाल दिव्यांकडे कुणी बघेना. शेवटी मीच खाकरलो. तेव्हा विग्न्यो माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाला, "पाक, राग मानू नका. पण ते नाव तुमच्या परीक्षकांतूनही काढाल का? सगळ्या. गुरुवारच्या आधी."

गुरुवारचं सांगायला हवं. गुरुवारी त्याच्या वस्तीचं पोस्यांदू होतं आणि आमच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती तिथे पहिल्यांदा चालणार होती. तिच्यात सुईणबाईंनी हाका मारून घसा बसवायची गरज नाही; गाठोड्यातलं नाव यंत्रच कर्ण्यावरून मोठ्याने पुकारतं. बेजोला त्या दिवशी गोवराची लस टोचायची होती. पलीकडच्या वस्तीत दोन पोरांना गोवर निघालेला, म्हणजे लांबणीवर टाकायची सोय नाही. आणि म्बाह कासिनेमने मुलाला सांगून ठेवलं होतं, "त्या कर्ण्यावरून ते नाव आलं, तर मी पोराला पदरात घेऊन उठेन. सुई राहिली तर राहिली." म्बाह नुसतं बोलत नाही, उठते.

कर्ण्याचं विग्न्योने आपल्या परीने पाहिलं होतं. खऱ्या नोंदवहीतून जन्मनाव पुसता येत नाही, कायदा आहे. पण नाव बदललेल्या बाळांचं नवं नाव पाठवायचं, न बदललेल्यांचं जुनं, अशी सोय त्याने त्याच आठवड्यात लिहून दिली होती. ती नीट चालते की नाही हे बघणं कुणाचं काम? बरोबर ओळखलंत.

माझ्या एकशे चौदा ठिकाणची पंधरा अक्षरं हाताने बदलत बसलो तर गुरुवार उजाडला असता. आजेंगने खुर्ची ओढली आणि माझी शिकवणी घेतली. म्हणाली, "पाक, वस्तू सांगू नका, आकार सांगा. नावाच्या जागी मजकूर हवा, एवढंच म्हणा. कुठला ते विचारू नका. तारखेच्या जागी तारीख. वजनाच्या जागी आकडा. लशींची यादी हवी, क्रम कसाही. गाठोड्यात एखादी वस्तू जास्त निघाली तर कानाडोळा करा." मी ऐकत होतो आणि मला पाठशाळेतला लक्षणांचा पाठ आठवत होता. गाईचं लक्षण काय? कपिल वर्ण म्हटलं तर पांढऱ्या गाई निसटल्या, ती अव्याप्ति. शिंगं म्हटलं तर म्हशी आत आल्या, ती अतिव्याप्ति. खरं लक्षण म्हणजे सास्ना, गळ्याखालची ती लोंबती पोळी. मी आयुष्यभर कपिल गाय शोधत होतो, किंबहुना मंगळवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी गोठ्यात उभी असलेली कपिल गाय. हे मी आजेंगला सांगितलं. ती म्हणाली, "मला गाईचं कळत नाही, पण म्हशी आत येऊ देऊ नका म्हणजे झालं."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं, याला साक्षीदार आहेत. तरीही पुढे जे झालं ते झालं. दादा, चाळीस वर्षं मुठी आवळून बसलेल्या माणसाला कुणी 'जरा सैल सोडा' म्हटलं की तो जरा सोडत नाही, सगळंच सोडतो. मी नावाच्या जागी 'कुठलाही मजकूर' लिहिलं. बरं वाटलं. वजन, 'कुठलाही आकडा'. जन्मतारीख, 'कुठलीही तारीख'. हात इतका मोकळा झाला की दोन-चार जागी नुसतं 'काहीही' लिहून पुढे गेलो. नाव बदललेल्या बाळाला नवंच नाव आलं पाहिजे, हा जो एक परीक्षक खरोखर कामाचा होता, त्याच्याही तोंडात मी 'कुठलाही मजकूर' कोंबला. बुधवारी दुपारी जेवायच्या आत एकशे चौदा दिवे हिरवे. विग्न्योचे डोळे भरून आले. आजेंग म्हणाली, "इतक्या लवकर?" मी म्हटलं, आकार समजला की वेळ लागत नाही. (हे वाक्य तिने माझ्या टेबलावर चिकटवून ठेवलं आहे. मोठ्या अक्षरात.)

गुरुवारी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून मी पोस्यांदूला गेलो. वस्तीचं सभागृह, झोळीचा काटा, मुगाच्या गोड खिरीचं पातेलं, तीसेक आया, तेवढीच रडणारी पोरं. पहिल्या रांगेत म्बाह कासिनेम, मांडीवर बेजो, शेजारी विग्न्यो आणि त्याची बायको. सुईणबाई बू एन्दांग काचेची पाटी घेऊन बसलेल्या. कर्ण्यातून यंत्रातली बाई गोड आवाजात एकेक नाव पुकारत होती आणि आया कौतुकाने माना डोलवत होत्या. आठ पोरं झाली. मला वाटलं, निवृत्त होण्यापूर्वी एक काम तरी नीट केलं. मग कर्णा एकदा खरखरला, आणि त्या बाईने श्वास घेतल्यासारखं करून म्हटलं,

"सूर्यप्रभामंडल—"

विग्न्योची सोय उलटी पडली होती. रात्र रात्र पोराला खांद्यावर टाकून फिरणाऱ्या माणसाने लिहिलेली ती. बदललेल्यांचं जुनं पाठवत होती. आणि माझ्या परीक्षकाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मजकूर हवा होता ना? हा घ्या मजकूर. पंधरा अक्षरं, अस्सल.

"—धीरोदात्त विचक्षण!" बाईने पुरं केलं. आणि कुणी हललं नाही म्हणून पुन्हा सगळं म्हटलं. तिला तसं शिकवलेलं आहे.

 विग्न्यो पांढरा पडला. म्बाहने शांतपणे पदर आवरला, नातवाला छातीशी घेतलं आणि एक हात जमिनीवर टेकला. ती उठत होती. दादा, मला त्या क्षणी न्याय, मीमांसा, काहीही आठवलं नाही. मी हात वर केला आणि मोठ्याने म्हणालो, "हजर."

साठ डोळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "नाव माझं आहे. कुठे यायचं?"

इथल्या लोकांचा एक गुण तुम्हाला सांगतो. केस पिकलेल्या माणसाने चारचौघांत कितीही बिनबुडाचं विधान केलं तरी त्याला कुणी तोंडावर खोटं पाडत नाही. एरवी मला या गुणाचा वैताग आहे (बैठका संपत नाहीत), पण त्या दिवशी त्याने मला तारलं. बू एन्दांगने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा म्बाहच्या जमिनीवर टेकलेल्या हाताकडे, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "या पाक, उशीर केलात. वजन करू या."

आता खरं तर हजेरी लागली, प्रकरण मिटलं. पण यंत्र पुढचं नाव घेईना. आमच्या प्रोग्रामात वजन आणि उंची भरल्याशिवाय पुढचं बाळ येत नाही (ही सूचना माझीच, तीन वर्षांपूर्वीची). झोळीच्या काट्यात मी मावणं शक्य नव्हतं, म्हणून गरोदर बायांच्या काट्यावर उभा राहिलो. एक्क्याऐंशी किलो. बू एन्दांगने भरलं. यंत्राने घेतलं; आकडा आहे ना? जन्मतारीख पुन्हा तपासा म्हणालं, माझी सांगितली. तीही घेतली, तारीख आहे ना? मग उंची. उंची मोजायला भिंतीवर कागदी जिराफ आहे, त्याच्या मानेवर आकडे, आणि जिराफ एकशे तीसला संपतो. "गुडघ्यांवर बसा, पाक," बू एन्दांग हळूच म्हणाली, "तीस आया थांबल्यात." मी थंडगार फरशीवर गुडघे टेकले, पाठ जिराफाला लावली, हनुवटी वर केली. एकशे चोवीस. तिने चष्मा पुसला, खात्री करायला पुन्हा एकदा मोजलं, आणि भरलं. कर्ण्यातली बाई लगेच उत्साहाने म्हणाली, "अभिनंदन! बाळाचं वजन या महिन्यात छान वाढलं आहे."

तेव्हा म्बाह कासिनेम हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. हसता हसता टेकलेला हात तिने उचलला आणि पुन्हा नीट मांडी घालून बसली. बू एन्दांगने संधी साधली. पाटी उपडी ठेवली, पिशवीतून जुनी वही काढली, आणि स्वतःच्या घशाने, सभागृहाच्या बाहेर ऐकू जाईल अशी हाक मारली, "बेजो!" बेजोला सुई टोचली. तो जे रडला त्यावरून त्याच्या तब्येतीबद्दल कुणाला शंका उरली नाही. विग्न्यो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला मुगाच्या खिरीची वाटी मिळाली, बाळांच्या हिश्शातली. निघताना म्बाह माझ्याजवळ थांबली. माझा दंड चाचपून पाहिला, म्हशीचा बघतात तसा, आणि म्हणाली, "तुमची हाडं मोठी आहेत, पाक. तुम्हाला पेलेल." तिच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झाला होता. नाव हवेत सुटलं नाही, कुणीतरी घेतलं.

घरी लंगडत गेलो. रेत्नोने सगळं ऐकून घेतलं, तेल गरम केलं आणि म्हणाली, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तुमचं संस्कृत कुणाच्या उपयोगी पडलं." हे कौतुक होतं असं मी धरून चाललो आहे.

काल दिवसभर आजेंगने मला शेजारी बसवून परीक्षक पुन्हा लिहून घेतले. वेळ कुठलीही चालेल. लशींचा क्रम कसाही. जास्तीच्या गोष्टींकडे कानाडोळा. पण वजन दोन किलो ते तीस किलोच्या आत, जन्म गेल्या पाच वर्षांतला, नाव रिकामं नको. आणि नाव बदललेलं असेल तर नवंच, जुनं गाठोड्यात कुठेही, कुठल्याही कोपऱ्यात, दिसता कामा नये. हा शेवटचा परीक्षक लिहिताक्षणी लाल झाला. लाल दिवा पाहून मला इतका आनंद यापूर्वी कधीच झाला नव्हता. विग्न्योने सोय सुलटी केली, दिवा हिरवा झाला. "आता सास्ना सापडली," मी म्हटलं. आजेंग म्हणाली, "जी काय असेल ती, पाक. म्हशी बाहेर आहेत ना?"

एक म्हैस आत आहे. नोंदवहीतून मला काढायला जिल्ह्याच्या कचेरीचं पत्र लागतं. तोवर मी, जन्मतारीख काहीही असली तरी, त्या वस्तीतलं नऊ महिन्यांचं बाळ आहे. आज सकाळी माझ्या फोनवर संदेश आला, "प्रिय आई, तुमच्या बाळाला आता मऊ भात आणि कुस्करलेलं केळं सुरू करा." रेत्नोने सुरू केलं आहे.

तर दादा, मी दिवसभर हे करतो. आणि यापुढे कुणासाठी नाव सुचवताना तुम्ही जरा हात आखडता घ्याल, पोराच्या मापाचा अंदाज घ्याल, प्रत्येक वेळी विद्वत्तेची पेटी उघडणार नाही, एवढी धाकट्या भावाची विनवणी आहे. डोळ्यात थेंब वेळेवर घालावेत. वहिनींना सप्तांगच.

आपला धाकटा,
(सर्वांत वजनदार बालक म्हणून नोंद झालेला)
नरहर

ता. क. खरं काम राहूनच गेलं. म्बाक आजेंगला बाळासाठी नाव हवं आहे, आणि एवढं होऊनही ती ते माझ्याकडेच मागते आहे. मी म्हटलं, तुला भीती वाटत नाही? ती म्हणाली, "वाटते. म्हणून आकार मी सांगते." तो असा: मजकूर हवा, रिकामा नको. अक्षरं दोन, फार तर तीन. जोडाक्षर नको. मुलगा-मुलगी दोघांना चालावं. अर्थ कुठलाही चांगला, पण एका हाताने उचलता येण्याजोगा. कृपया उलट टपाली पाठवावं, दिवस फार उरलेले नाहीत.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधी तुमचा दोष पुराव्यानिशी दाखवावा म्हणून तुमचं गेल्या वर्षीचं पत्र शोधून काढलं. पहिल्या पानावर एकच नाव आहे, भानु. खाली तुमच्या अक्षरात, 'पोर लहान आहे, एवढं पुरे.' सूर्यप्रभामंडल वगैरे मागच्या बाजूला आहे, आणि त्याच्या डोक्यावर तुम्ही लिहिलं आहे, 'राज्याभिषेक करायचा असेल तरच.' आता आठवतं. भानु मला फार साधं वाटलं होतं. तेवीस वर्षं इथे पंडित म्हणून मिरवलेल्या माणसाने दोन अक्षरं द्यायची म्हणजे काय! वरची नऊ पानं पुन्हा लिहिण्याचं त्राण नाही. जिथे जिथे 'तुम्ही' आहे तिथे 'मी' वाचावं. आकार तोच राहतो. भानु कुणाला देऊन टाकलं नसेल तर आजेंगच्या बाळासाठी ठेवा. आणि गुडघे माझ्या मिरवण्यामुळे नव्हे, जिराफामुळेच दुखताहेत असं मी इथे सगळ्यांना सांगितलं आहे, तेवढं सांभाळून घ्यावं.